दाणा टपोरा, पण अंगी लागेना

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून आधी त्याचं सार मांडतो. हॉलंडमधले ग्रीनहाउसवाले पैसे मोजून आत कार्बन डायऑक्साइड, म्हणजे कर्बवायू, सोडतात आणि टोमॅटोचं उत्पादन वाढवतात. तोच वायू उघड्या हवेत फुकट वाढत असेल तर शेतकऱ्यानं रडायचं कशाला, हा पहिला मुद्दा. दुसरा, त्यामुळे धान्यातलं लोह आणि जस्त घटतंय असं तुमच्या वाचनात आलं, ते खरं का. तिसरा घरचा: पत्नीचं हिमोग्लोबिन नऊवर आहे, पदरात दोन लहान मुलं आहेत, तर खाण्यात काय बदलावं. आणि शेवटचा, निफाडजवळच्या तुमच्या वीस गुंठ्यांच्या पॉलिहाउसात ढोबळी मिरचीला कर्बवायूचं सिलिंडर लावावं का.

माझी नोकरीची तीस वर्षं पिकांच्या शरीरक्रियाशास्त्रात गेली, त्यातली बरीचशी भात-गव्हाच्या पानांना यंत्राचे चिमटे लावून आकडे टिपण्यात. मी डॉक्टर नाही. त्यामुळे हिमोग्लोबिन नऊ असताना आधी डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या नेमानं घ्यायच्या, ताटातला बदल त्याच्या जोडीला. नुसत्या पालकानं नऊचं बारा होत नाही.

आता आधी तुमच्या बाजूनं बोलतो. कर्बवायू हे झाडाचं अन्न आहे, यात खोटं काही नाही. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत साधारण २८० भाग कर्बवायू होता. हवाई बेटांवरच्या मौना लोआ डोंगरावर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये तो मोजायला घेतला तेव्हा आकडा ३१५च्या आसपास होता. आज तो ४२०च्या पुढे गेला आहे. माझ्या आजोबांच्या गव्हाला जेवढा मिळत होता, त्याहून जवळपास तिसरा हिस्सा जास्त तुमच्या गव्हाला मिळतो.

पानात हा वायू धरण्याचं काम रुबिस्को नावाचं एन्झाइम करतं, आणि ते जरा वेंधळं आहे. कर्बवायूऐवजी मधूनच ऑक्सिजन धरून बसतं. ही चूक निस्तरताना झाडाला मिळवलेला कर्ब पुन्हा सोडून द्यावा लागतो. एका हातानं कमवायचं आणि दुसऱ्यानं सांडायचं, असा व्यवहार. ऊन वाढलं की सांडणं वाढतं, हवेत कर्बवायू वाढला की कमी होतं. भात, गहू, सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा, भुईमूग, द्राक्ष, आंबा आणि तुमची ढोबळी मिरची ही सगळी या जातकुळीतली. पुस्तकात त्यांना सी-थ्री म्हणतात. ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि नाचणी सी-फोर. यांनी फार पूर्वीच युक्ती काढली. कर्बवायू पानाच्या आतल्या कप्प्यात कोंडायचा आणि रुबिस्कोपुढे त्याची एवढी गर्दी करायची की ऑक्सिजनला जागाच मिळू नये. त्यामुळे बाहेरच्या हवेत वायू वाढल्याचं त्यांना फारसं सोयरसुतक नसतं. पाण्याचा ताण असेल तेव्हा मात्र त्यांनाही थोडा फायदा होतो. कर्बवायू मुबलक असला की पानावरची रंध्रं अर्धवट मिटून घेतली तरी भागतं आणि पाणी वाचतं. ही रंध्रं मिटण्याची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिच्यामुळेच घोटाळा होणार आहे.

हे सगळं शेतात कसं मोजतात? आम्ही सुरुवातीला ओपन टॉप चेंबर वापरायचो. म्हणजे वरून उघडी, बाजूंनी प्लास्टिकची गोल खोली, आत नळीनं वायू सोडायचा. पीक दणक्यात यायचं. पण आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दोनेक अंशांनी जास्त, वारा नाही, कडेच्या झाडांना ऊन वेगळं, म्हणून त्या आकड्यांवर माझा कधी पुरता विश्वास बसला नाही. पुढे जगात उघड्या शेतातले प्रयोग आले. उभ्या पिकाभोवती नळ्यांचं मोठं कडं करायचं, वाऱ्याची दिशा पाहून वरच्या अंगानं वायू सोडायचा, भिंत कुठेच नाही. अशा कड्यांत सुमारे ५५० भाग कर्बवायूवर सी-थ्री पिकांचं उत्पादन सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास वाढलेलं दिसलं, तेही पाणी आणि नत्र (नायट्रोजन) भरपूर असेल तर. नत्र तोटकं असेल तिथे वाढ जेमतेम १० टक्के. आपल्या कोरडवाहू शेतात यातला कोणता आकडा लागू पडेल ते तुम्हीच ठरवा.

इथवर फायदाच दिसतो. आता दुसरा मुद्दा.

इराक्ली लोलाड्झे नावाचे एक गणितज्ञ अमेरिकेत ॲरिझोनात शिकत होते. तिथे एका प्रयोगशाळेत पाण्यातल्या शेवाळावर जादा प्रकाश टाकला की शेवाळ भराभर वाढायचं, आणि ते खाणारे बारीक जीव खायला भरपूर असूनही उपाशी असल्यासारखे रोडावायचे. शेवाळ वाढलं, पण त्यातलं फॉस्फरस पातळ झालं होतं. लोलाड्झे यांना प्रश्न पडला की हेच कर्बवायूमुळे साऱ्या जगाच्या पिकांत होत असेल तर? २००२ मध्ये त्यांनी हा विचार मांडला तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. २०१४ मध्ये त्यांनी १३० वनस्पतींवरची जगभरची मोजणी एकत्र केली, तर खनिजांमध्ये सरासरी ८ टक्के घट निघाली.

त्याच वर्षी सॅम्युएल मायर्स आणि सहकाऱ्यांनी त्या उघड्या कड्यांमधलं धान्य तपासलं. ५५०च्या आसपास कर्बवायूवर वाढलेल्या गव्हात जस्त ९.३ टक्के, लोह ५.१ टक्के आणि प्रथिनं ६.३ टक्के कमी. भातात प्रथिनं ७.८, लोह ५.२, जस्त ३.३ टक्क्यांनी कमी. २०१८ मध्ये चीन आणि जपानच्या शेतांतल्या भाताच्या १८ वाणांवर मोजणी झाली, त्यात ब गटातली जीवनसत्त्वंही घसरलेली सापडली: बी-१ सुमारे १७ टक्के, फॉलिक ॲसिड ३० टक्के. ज्याला आपण गरोदर बाईची गोळी म्हणतो, तेच हे फॉलिक ॲसिड. सोयाबीन, वाटाणा यांच्यात जस्त-लोह घटलं, प्रथिनं मात्र टिकली, कारण त्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरून देतात. ज्वारीत फरक जवळजवळ नाही.

असं का होतं? ‘कर्बवायू पोषण खातो’ असं काहीजण सांगतात, ते चुकीचं आहे. एक तर पीठ वाढतं आणि खनिजं तेवढीच राहतात. दोन कपांचा चहा तेवढ्याच साखरेत चार कप केला तर गोडी उतरतेच. दुसरं कारण त्या मिटलेल्या रंध्रांत आहे. पान कमी पाणी उडवतं, मुळं कमी पाणी ओढतात आणि जमिनीच्या पाण्याबरोबर मुळापर्यंत वाहत येणारी खनिजं तेवढी कमी येतात. तिसरं थोडं किचकट आहे. पानातल्या नत्राचा मोठा वाटा एकट्या रुबिस्कोत अडकलेला असतो. कर्बवायू स्वस्त झाला की झाड त्यावरचा खर्च कमी करतं, शिवाय नायट्रेटचं प्रथिनात रूपांतर करण्याचा वेगही मंदावतो. मग दाण्याकडे जाणारा नत्र घटतो, आणि गव्हात नत्र घटला म्हणजे ग्लुटेनही घटलं. पोळी तुटते अशी तक्रार पुढे वाढली तर मला नवल वाटणार नाही.

प्रयोगातली गोष्ट प्रत्यक्षात घडतेय याचा पुरावा मला सगळ्यात पटला तो एका रानफुलाचा. उत्तर अमेरिकेत गोल्डनरॉड नावाचं पिवळं फूल येतं, थंडीआधी मधमाशांचा शेवटचा शिधा. संग्रहालयात १८४२ पासून वाळवून ठेवलेले त्याचे नमुने लुईस झिस्का आणि सहकाऱ्यांनी तपासले. परागातली प्रथिनं जवळपास एक तृतीयांशानं उतरली होती. या फुलाला कुणी संकरित केलं नाही, खत घातलं नाही, वाण बदलला नाही. बदलली ती हवा.

पण सगळं खापर हवेवर फोडू नका. आपल्या धान्यातलं जस्त-लोह आजवर जे घटलं, त्यात वाणांचा हात मोठा आहे. भारतीय शास्त्रज्ञांनी साठच्या दशकातले आणि अलीकडचे वाण एकाच मातीत लावून तपासले, तर भातातलं जस्त किलोमागे २७ मिलिग्रॅमवरून २०-२१वर आणि गव्हातलं ३३वरून २३-२४वर आलेलं दिसलं. आम्ही वाणनिवडीला बसायचो तेव्हा क्विंटल बघितले, रोग बघितला, दाण्याचा रंग बघितला. जस्त कुणी विचारलं नाही, मीही नाही. त्यावर गिरणीवाला तांदूळ पांढराशुभ्र करतो आणि कोंडा म्हशीला जातो, ही घट वेगळीच. हवेतला बदल आधीच ओढगस्तीला आलेल्या घरावरचा नवा हप्ता आहे.

आणि घर कसं आहे ते बघा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत आणि पाच वर्षांखालच्या ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय निघाला. म्हणून पत्नीचं नऊ हिमोग्लोबिन कर्बवायूमुळे, असं मी म्हणणार नाही. त्यामागे शंभर कारणं असतात आणि बरीचशी जुनी. पण जिथे निम्म्याहून जास्त बायका काठावर उभ्या आहेत, तिथे पाच-सात टक्क्यांचा धक्का पुरतो. स्मिथ आणि मायर्स यांच्या २०१८च्या अंदाजात ५५० भागांवर जगात आणखी साडेसतरा कोटी लोक जस्ताच्या कमतरतेत जातील असं आलं, त्यातले सुमारे पाच कोटी एकट्या भारतातले. कारण सरळ आहे: आपली भूक भात-पोळीवर भागते, मटणावर नाही.

अळीचंही असंच होतं. अमेरिकेत इलिनॉयच्या सोयाबीनच्या कड्यांत जादा कर्बवायूवर पानं गोडसर झाली आणि कीड त्यांवर तुटून पडली. साखर जास्त, नत्र कमी असलेलं पान अळीला पुरत नाही, म्हणून ती आणखी खाते. तुम्ही आणखी फवारता. माणूस तसं करू गेला, म्हणजे दोन पोळ्यांच्या जागी तीन खाल्ल्या, तर जस्त मिळेलही, पण मधुमेहाचं काय?

आता ऊन. तुमच्या प्रश्नातली खरी चूक इथे आहे. हॉलंडचा शेतकरी आत वायू सोडतो तेव्हा तापमान, पाणी, खत सगळं स्वतःच्या मुठीत ठेवतो. बाहेरच्या हवेत वायू एकटा येत नाही, उन्हाला घेऊन येतो. २०२२चा मार्च हा १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात उष्ण मार्च ठरला. उत्तरेत गहू तेव्हा चिकात, म्हणजे दाणा दुधाळ असण्याच्या अवस्थेत होता. दाणा भरायला जे दिवस हवेत ते उन्हानं कापले, गहू लवकर पिकला, दाणा बारीक झाला, आणि १३ मे रोजी सरकारनं गव्हाची निर्यात थांबवली. भात फुलोऱ्यात असताना दुपारी पारा ३५च्या वर गेला की पराग वांझ होतात आणि लोंबीत पोचट दाणे वाढतात. दिवसापेक्षा रात्रीचं मला जास्त वाटतं. फिलिपीन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं स्वतःच्या शेतातल्या नोंदी २००४ मध्ये मांडल्या, तर कोरड्या हंगामात रात्रीचं किमान तापमान एका अंशानं वाढलं की भात १० टक्के घटतो असं निघालं. दिवसभर कमावलेलं पीक रात्रीच्या श्वासोच्छ्वासात जाळून टाकतं. कोकणातला बागायतदार हे शास्त्राच्या भाषेत सांगणार नाही, पण हापूसचा मोहोर, फळगळ आणि कापल्यावर निघणारा साका (गरातला पांढरट खराब भाग) याबद्दल तो जे बोलतो त्यात ऊनच असतं. आणि रंध्रं मिटली की पाणी वाचतं खरं, पण पानाचा घामही थांबतो. पान आणखी तापतं.

जादा कर्बवायू तणालाही मिळतो, हे कुणी सांगत नाही. उसात, ज्वारीत पीक सी-फोर आणि तणं बरीचशी सी-थ्री, म्हणजे फुकटचा खुराक नेमका शत्रूला. आपल्याकडचं ठळक उदाहरण गाजर गवत. भारतात ते पन्नासच्या दशकाच्या मध्यावर पहिल्यांदा पुण्यात नोंदलं गेलं, आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत पुण्यात त्वचेच्या रोगाची साथ आली. उघड्या मानेवर, पापण्यांवर, कोपराच्या खोबणीत खाज, लाली आणि मग हत्तीसारखी जाड कातडी. हे करणारं रसायन म्हणजे पार्थेनिन. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गाजर गवताच्या दोन प्रकारांवरचं काम प्रसिद्ध झालं. गेल्या काही दशकांत हवेत झालेल्या वाढीएवढ्या कर्बवायूनंच त्यातल्या आक्रमक प्रकारात पार्थेनिन वाढतं, असं त्यात दिसलं. भविष्यातल्या नाही, आत्ताच्या हवेत. अमेरिकेत जंगलात पॉयझन आयव्ही नावाचा वेल आहे, त्याच्यावरही असाच प्रयोग झाला आणि जादा कर्बवायूवर त्याचं अंगावर फोड आणणारं तेल जास्त जहाल निघालं. हा वेल आपल्या आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातला. बिब्बा उतलेला माणूस ज्यानं पाहिलाय त्याला जहाल म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. आपल्या बिब्ब्यावर हा प्रयोग कुणीतरी करायला हवा.

परागकणांचं तसंच. अमेरिकेतल्या रॅगवीड या तणाला कारखानदारीपूर्वीची हवा आणि २०००च्या सुमाराची हवा देऊन पाहिली, तर परागांचं प्रमाण दुपटीहून जास्त झालं. रॅगवीड आणि गाजर गवत एकाच कुळातले भाऊबंद. १९९० ते २०१८ या काळात उत्तर अमेरिकेत परागांचा हंगाम सुमारे २० दिवस आधी सुरू होऊ लागला. नोव्हेंबर २०१६ मध्ये मेलबर्नला वादळी पावसाआधीच्या वाऱ्यात गवताचे पराग फुटून शहरभर पसरले. एका संध्याकाळी हजारो लोक दम लागून दवाखान्यांत पोचले आणि दहाजण दगावले. दवाखान्यांत पोचलेल्यांपैकी बऱ्याच जणांना त्याआधी दमा कधी झालेलाच नव्हता.

कर्बवायू थेट छातीला बाधतो का, असंही पुष्कळजण विचारतात. नाही. ४२० भाग म्हणजे हवेचा ०.०४२ टक्का, आपण सोडतो त्या श्वासात तो सुमारे ४ टक्के असतो. दारं-खिडक्या लावून एसीत चौघं झोपलात तर खोलीत हजार-दोन हजार भाग सहज होतात, सकाळी डोकं जड वाटतं, खिडकी उघडली की जातं. माणसाला हवेतल्या वायूचा त्रास वळसा घालून येतो: उन्हातून, डासांतून, ताटातून.

उन्हाचं एवढंच सांगतो की नुसता पारा बघू नका. कोकणात ३६ अंश आणि दमट हवा ही विदर्भातल्या कोरड्या ४२ला भारी पडू शकते, कारण घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही. अहमदाबादनं मे २०१०च्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्माघाताचा आराखडा केला, तो आता बऱ्याच शहरांनी उचलला. शेतमजुराचं मात्र त्यात फारसं काही नाही. मध्य अमेरिकेत ऊसतोड करणाऱ्या तरुणांची मूत्रपिंडं निकामी होताना दिसली, आणि उन्हातले जड कष्ट व पाण्याची तूट हे त्यामागचं मोठं कारण मानलं जातं. निकारागुआत पाणी, सावली आणि सक्तीची विश्रांती दिल्यावर मूत्रपिंडाची इजा कमी झाली. बीडहून कोयता घेऊन निघणाऱ्या जोडप्याला अशी सक्तीची विश्रांती कोण देणार?

डासांबद्दल पुण्यातच चांगलं काम झालंय. पाषाणच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेनं पुण्यातल्या डेंग्यूचा हवामानाशी मेळ घातला. पावसाळ्यात सरासरी तापमान २७च्या वर, आर्द्रता ६० ते ७८ टक्के आणि पाऊस बेताचा पण सारखा, असं असलं की डेंग्यू वाढतो. आठवड्यात १५० मिलिमीटरच्या वर धो धो कोसळला तर अंडी-अळ्या वाहून जातात आणि डेंग्यू उतरतो. म्हणजे ‘यंदा पाऊस फार, डेंग्यू फार’ हे नेहमीच खरं नाही. रिपरिप जास्त वाईट.

ताटातून येणारा आणखी एक धोका आहे, त्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण तो तुमच्या स्वयंपाकघरात आत्ता आहे. भुईमुगाच्या शेंगा भरताना पावसानं ताण दिला आणि जमीन तापली की शेंगेला चीर पडते, दाण्याची स्वतःची प्रतिकारशक्ती ढिली होते आणि ॲस्परजिलस बुरशी आत शिरते. तिचं विष अफ्लाटॉक्सिन, यकृताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध पक्का ठरलेला आहे. मक्याचंही तेच. उशिराचा ताण आणि काढणीच्या वेळचा अवेळी पाऊस, दोन्ही वाढले तर ही बुरशीही वाढणार. आणि आपल्या घरात काय होतं? चांगले दाणे भाजून खायला, आणि सुरकुतलेले, फुटके, काळपट पडलेले दाणे कुटाला. कूट रोज खिचडीत, कोशिंबिरीत, भाजीत. विष असेल तर ते बहुतेक त्याच दाण्यांत असतं, आणि भाजल्यानं पुरतं जात नाही. तेव्हा कुटाचे दाणे निवडून घ्या, खवट, कडवट लागलेला दाणा थुंकून टाका, वाईट निघालेले दाणे गुरांनाही घालू नका, कारण विषाचा अंश दुधात उतरतो. शेतकरी म्हणून: शेंगा उपटल्यावर ढिगात दमट ठेवू नका, हलवल्यावर दाणा खुळखुळेपर्यंत वाळवा.

आता खाणं. ज्वारी, बाजरी, नाचणी यांना कर्बवायूची झळ जवळजवळ नाही, आणि उन्हालाही ती भात-गव्हापेक्षा चिवट. घरात रोज पोळी असेल तर आठवड्यातले चार दिवस भाकरी आणा. आरोग्याचा जप म्हणून नव्हे, हिशेब म्हणून. त्यातही वाण निवडता येतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेबरोबर काढलेली धनशक्ती बाजरी २०१२ मध्ये महाराष्ट्रात आली, तिच्यात किलोमागे सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह. परभणीच्या विद्यापीठाची परभणी शक्ती ज्वारी २०१८ची, लोह ४५ आणि जस्त ३२ मिलिग्रॅम. साध्या ज्वारीत साधारण ३० आणि २०. गहूच लावायचा असेल तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस ४०२८ बघा, जस्त ४० आणि लोह ४६च्या आसपास, प्रथिनं १४.७ टक्के. तो बक्षी गहू आहे, पोळीपेक्षा शेवया-रव्याला चांगला, हे आधी सांगतो म्हणजे घरी बोलणी बसणार नाहीत. माती परीक्षणात जस्त कमी आलं असेल तर हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट जमिनीतून द्या. दाणा चिकात असताना अर्ध्या टक्क्याची फवारणी केली तर दाण्यातलं जस्त चांगलं वाढतं. त्यानं क्विंटल वाढतीलच असं नाही, म्हणून दुकानदार ती सुचवत नाही.

धान्यात लोह असून उपयोग नाही, ते रक्तात उतरायला हवं. दाण्यातलं फायटिक आम्ल त्याला धरून ठेवतं. मोड आणलं, आंबवलं की ते सैल होतं. मोडाची मटकी, आंबील, रात्रभर भिजवलेली डाळ हे आजीचे प्रकार म्हणूनच टिकले असावेत. उसळीवर लिंबू पिळा. जेवणावर लगेच चहा नको, तासभर थांबा. पत्नीला एवढं जरी जमलं तरी गोळीचं लोह वाया जाणार नाही. खात असाल तर मटण, कलेजी, सुकट, जवळा यांच्यातलं लोह सगळ्यात सहज उतरतं. मुलांना नुसतं दूध पाजून पोट भरू नका, दुधात लोह नसल्यासारखंच. जुलाब झाले तर ओआरएसबरोबर डॉक्टर चौदा दिवस जस्ताची गोळी देतात, ती जुलाब थांबले म्हणून तिसऱ्या दिवशी बंद करू नका.

रेशनच्या तांदळात वेगळे दिसणारे दाणे आढळले तर ते प्लास्टिकचे नसतात. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून दाण्याच्या आकारात पाडलेले आणि शंभर दाण्यांत एक या हिशेबानं मिसळलेले ते दाणे असतात. गावोगावी बायका ते निवडून फेकताना मी पाहिलंय, पोटात तुटतं. फक्त त्यात जस्त घालणं बंधनकारक नाही, तेव्हा डाळ-उसळ सुटत नाही.

राहिलं सिलिंडर. लावू नका. हॉलंडमध्ये थंडीत काचघर बंद असतं आणि आत बरेचदा हीटरचाच धूर शुद्ध करून सोडतात, म्हणून ८०० ते १००० भाग टिकून राहतात. तुमच्याकडे सकाळी दहा वाजता उष्णता बाहेर काढायला बाजूचे पडदे वर करावे लागतात, म्हणजे विकत घेतलेला वायू शेजाऱ्याच्या द्राक्षबागेत. उलट एक बघा: सकाळी पडदे उशिरा उघडलेत तर सूर्य वर आल्यावर तासा-दोन तासांत मिरची आतला कर्बवायू खाऊन टाकते आणि तो बाहेरच्यापेक्षाही खाली जातो. तेव्हा झाड उपाशी असतं आणि आपल्याला वाटतं वाढ थंडीनं अडली. डिसेंबर-जानेवारीतसुद्धा ऊन अंगाला लागायला लागलं की वाऱ्याच्या विरुद्ध बाजूचा पडदा वीतभर तरी वर घ्या, आणि आठवडाभरानं शेंड्याकडची पानं कशी आहेत ते मला कळवा.